ही ‘क्लिप’ पाहिलीत का?

ना लाइक, ना शेअर, ना सबस्क्राइब. तरी रोज कोट्यवधी प्रवाशांचा जीव या क्लिपच्या भरवशावर! मोबाइलमधली नव्हे हो, रुळाला बिलगलेली. पुढच्या वेळी लोकल लेट झाली (होणारच!) की पिवळ्या रेषेच्या अलीकडूनच जरा खाली नजर टाका. रूळ स्लीपरवर जिथे बसतो, तिथे दोन्ही बाजूंना गंजकट रंगाचा एक जाडजूड, पिळदार वळसा दिसेल. अर्धी मोडलेली चकलीच! ट्रॅकवरची माणसं तिला ‘पँड्रोल’ म्हणतात. कागदोपत्री नाव इलॅस्टिक रेल क्लिप, शॉर्टमध्ये ईआरसी.

माहीत आहे का, ही चकली किती कडक आहे? वजन साधारण किलोभर. पण भारतात सर्रास दिसणारी मार्क-थ्री क्लिप रुळाचा तळ ८५० ते ११०० किलोच्या जोराने दाबून धरते. तिची धाकटी बहीण मार्क-फाइव्ह तर १२०० ते १५०० किलोंपर्यंत जाते. साइझ झिरो, ताकद हीरो!

जरा पाढे म्हणू या. एका स्लीपरला क्लिपा चार. मेन लाइनवर साधारण दर ६० सेंटिमीटरला एक स्लीपर, म्हणजे किलोमीटरला १६६० स्लीपर आणि ६६४० क्लिपा. १६ एप्रिल १८५३ ला आपली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ते अंतर ३४ किलोमीटर. आजच्या हिशेबाने तेवढ्या अंतराच्या एकाच मार्गिकेला सव्वादोन लाखांवर क्लिपा लागतील. बाकीच्या मार्गिका तुम्ही मोजा, आम्ही चहा घेऊन येतो.

आणि गंमत म्हणजे या क्लिपला नट नाही, बोल्ट नाही, आटेसुद्धा नाहीत. तेच तर सीक्रेट! गाडी गेली की रूळ थरथरतो, रूळ थरथरला की नट सैल होतो, नट सैल झाला की साहेब कडक होतात. या चक्रावर १९५७ साली नॉर्वेच्या सरकारी रेल्वेतल्या पेर पांडे-रोल्फसेन या इंजिनिअरने तोडगा काढला. त्याच्या आडनावातून ‘पँड्रोल’ हे नाव निघालं आणि जगभर पसरलं.

काम कसं चालतं? जवळून बघू. काँक्रीटचा स्लीपर ओततानाच त्यात बिडाचा एक ‘इन्सर्ट’ रोवलेला असतो, वर कान बाहेर आलेला. क्लिपचा मधला पाय त्या कानाच्या भोकात घालतात आणि रुळाला समांतर हातोड्याचे ठोके देतात. ठोक्यागणिक क्लिप आत सरकते आणि तिचं पुढचं टोक रुळाच्या तळावर चढत जातं. पूर्ण बसेपर्यंत मार्क-थ्रीचं ते टोक साडेतेरा मिलिमीटर वर उचललं गेलेलं असतं. स्प्रिंग स्टीलच ते! पुन्हा मूळ जागी यायची त्याची धडपड सुरू होते आणि रूळ काही त्याला येऊ देत नाही. ही न संपणारी धुसफूस म्हणजेच ती टनभराची पकड. संसारही असेच टिकतात म्हणे, पण तो आपला विषय नाही.

क्लिप एकटी नसते बरं का! रुळाखाली खाचा पाडलेला रबर पॅड असतो, धक्का खायला. क्लिप आणि रूळ यांच्या मध्ये ‘लायनर’, तोही पुष्कळदा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा. आता लोखंडाच्या दुनियेत नायलॉन कशाला? कारण रुळातून वीज फिरते! गाडीची चाकं दोन रुळांना जोडतात, सर्किट शॉर्ट होतं आणि मागचा सिग्नल आपोआप लाल होतो. या ट्रॅक सर्किटचं पेटंट अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने घेतलं, तेही १८७२ साली! रुळातली ही वीज स्लीपरवाटे गळू नये म्हणून नायलॉनचा पहारा.

जाता जाता: या क्लिपा चोरीलाही जातात. उपटून भंगारात! म्हणून सहज निघणार नाहीत अशा चोरविरोधी क्लिपांचेही प्रयोग झालेत.

रूळ कोरला चाकूने

क्लिपचं कौतुक झालं, आता हीरोची एंट्री. रूळ आडवा कापला तर कसा दिसतो? वर जाड डोकं, मध्ये बारीक कंबर, खाली पसरट पाय. आज जगभर हाच कट चालतो. माहीत आहे का, याचं पहिलं मॉडेल लाकडाचं होतं आणि ते भर समुद्रात तयार झालं?

१८३० ची गोष्ट. अमेरिकेतल्या कॅम्डन अँड अँबॉय रेल्वेचे प्रेसिडेंट रॉबर्ट स्टीव्हन्स इंजिन आणि रूळ खरेदी करायला जहाजाने इंग्लंडला निघाले होते. वाटेत वेळ जाता जाईना. तेव्हा ना वायफाय, ना वेबसीरिज. साहेबांनी लाकडाचा तुकडा घेतला आणि रुळाचे नमुने कोरत बसले. त्यातूनच हा सपाट तळाचा रूळ जन्मला, असं अमेरिकन रेल्वेचा इतिहास सांगतो. वेल्समधल्या डाउलिसच्या कारखान्याने तो लाटूनही दिला. तळ सपाट म्हणजे थेट लाकडी स्लीपरवर ठेवा, बाजूला खिळे ठोका, काम तमाम!

पण युरोपात या रुळाला कोणाचं नाव? चार्ल्स व्हिन्योल्स नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरचं. कोरलं एकाने, गाजलं नाव दुसऱ्याचं.

ब्रिटनमध्ये तोवर दुसरंच डोकं चाललं होतं. किंबहुना दोन डोकी! जोसेफ लॉक यांनी वर-खाली सारखाच असलेला दुतोंडी रूळ आणला. आयडिया फर्स्टक्लास: वरची बाजू झिजली की रूळ उलटा करा, एका पैशात दोन रूळ. पण हा रूळ बिडाच्या खुर्चीत बसवावा लागे. वर गाड्या धडधडत असताना खाली खुर्ची रुळाला चावत होती. उलटा करायची वेळ आली तर खालची बाजू खड्ड्याखड्ड्यांची! काटकसर गेली, खुर्ची राहिली. (खुर्ची नेहमीच राहते.)

आणखी एक जीनियस होते विल्यम बार्लो. १८४९ मध्ये त्यांनी उलट्या ‘व्ही’सारखा रुंद रूळ काढला. स्लीपरच नको, थेट खडीवर ठेवा! झालं काय, की दोन रुळांमधलं अंतर पसरू लागलं. रेल्वेने हे रूळ उपटले. मग ते गेले कुठे? समुद्रावर! इंग्लंडच्या सॉमरसेटमधला क्लीव्हडनचा समुद्रात शिरलेला देखणा पिअर १८६९ मध्ये उघडला तो याच टाकाऊ बार्लो रुळांवर, आणि अजून उभा आहे. रेल्वेत फेल, बीचवर सुपरहिट!

आपल्याकडेही रूळ रिटायर झाले तरी कामावर असतात. मुंबईच्या जुन्या स्टेशनांत छपराचे खांब, कुंपणं, पुलांचे आधार नीट बघा. कितीतरी ठिकाणी ते चक्क जुने रूळ आहेत. रंगाच्या थरावरून बोट फिरवलं तर उठावदार अक्षरंसुद्धा लागतात, कारखान्याचं नाव आणि साल. वडापाव हातात, शंभरी गाठलेलं पोलाद पाठीला!

हो, प्रत्येक रुळावर त्याचं आधार कार्ड छापलेलं असतं. माहीत होतं? कंबरेवर दर काही मीटरला प्रोफाइलचं नाव, पोलादाची ग्रेड, कारखाना, महिना आणि वर्ष. महिना रोमन आकड्यात. ‘८८०’ दिसलं तर ती रुळाची ताणशक्ती, मेगापास्कलमध्ये. ‘६० ई१’ दिसलं तर हा मीटरला साधारण ६० किलोचा पैलवान: उंची १७२ मिलिमीटर, पाय १५० मिलिमीटर रुंद आणि कंबर? अवघी साडेसोळा मिलिमीटर! झिरो फिगरचा खरा मानकरी.

पैलवानांचा बाप मात्र पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा. यार्डाला १५५ पौंड, म्हणजे मीटरला जवळपास ७७ किलो! आणि ३ एप्रिल २००७ ला फ्रान्सच्या टीजीव्हीने ताशी ५७४.८ किलोमीटरचा विक्रम केला तो कुठल्या रुळावर? याच ६० किलोच्या जातीच्या. रूळ तोच असून आपली गाडी कसाऱ्याला का थांबते, हे रुळाला विचारू नका.

साहेबांचं अजीर्ण

आता एक मसालेदार किस्सा. टाटा मंडळी ब्रिटिश दर्जाचे पोलादी रूळ बनवणार म्हटल्यावर भारतातल्या रेल्वेचे बडे अधिकारी सर फ्रेडरिक अपकॉट यांना हसू आवरेना. टाटांनी बनवलेल्या रुळाचा पौंड न् पौंड आपण खाऊन दाखवू, अशी फुशारकी त्यांनी मारली म्हणतात. १९१२ मध्ये टाटांच्या साकचीच्या कारखान्यातून पोलाद बाहेर पडलं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीसाठी टाटांनी तब्बल १५०० मैल रूळ पुरवले! १९१९ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड स्वतः आले आणि साकचीचं जमशेदपूर झालं. साहेबांनी शब्द पाळला असता तर त्यांना थोडं अजीर्ण झालं असतं, असा टोला दोराबजी टाटांनी नंतर हाणला. थोडं? १५०० मैलांचं जेवण, बॉस!

पोलादाच्या आधी रूळ लोखंडाचे होते आणि ते भराभर झिजायचे. इंग्लंडच्या डर्बी स्टेशनात एका गजबजलेल्या जागी दर सहा महिन्यांनी, कधी तीन महिन्यांनीच रूळ बदलावा लागे. १८५७ मध्ये रॉबर्ट मशेट यांचा पोलादी रूळ तिथे टाकला. रोज सुमारे ७०० गाड्या जात असूनही सहा वर्षांनी तो नव्यासारखाच! खेळ खल्लास. लोखंडाचा, रुळाचा नव्हे.

आणि मार खाऊन कणखर होणारा रूळ माहीत आहे का? दोन मार्ग एकमेकांना छेदतात त्या ‘क्रॉसिंग’वर चाकांचे दणके सर्वांत जास्त. तिथे वापरतात मँगेनीज स्टील, १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी शोधलेलं, सुमारे १२ टक्के मँगेनीजवालं. जितकं ठोकाल तितकं वरून टणक होतं. सासरी नांदणाऱ्यांनी प्रेरणा घ्यावी की निषेध करावा, आपापलं ठरवा.

एक सरप्राइझ पलीकडच्या किनाऱ्यावरून: अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला ‘बार्ट’ नावाची लोकल धावते. तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर, म्हणजे डिट्टो आपला ब्रॉडगेज! इकडे मुंबई मेट्रोचा मात्र १४३५. म्हणजे गेजच्या नात्याने दादर लोकलची सख्खी बहीण कॅलिफोर्नियात आणि घाटकोपरची मेट्रो चुलत.

या ‘बार्ट’ची आणखी एक गंमत. रेल्वेचं चाक सरळ नळकांड्यासारखं नसतं, किंचित निमुळतं असतं. आपल्याकडे रूळसुद्धा २० ला १ असा आतल्या बाजूला कललेला असतो. वळणावर बाहेरचं चाक आपोआप जाड भागावर सरकतं, आतलं बारीक भागावर, आणि गाडी गुमान वळते. मोटारीसारखं डिफरन्शियल नको की काही नको. ‘बार्ट’वाल्यांनी सुरुवातीला नळकांडी चाकं बसवली. परिणाम? वळणावळणावर कानठळ्या बसवणारा किंचाळा. शेवटी मुकाट्याने निमुळत्या चाकांकडे आले.

गरम डोक्याचे रूळ

उन्हात रूळ वाढतो, हे शाळेत शिकलोय. म्हणून सांध्यात फट ठेवतात, हेही. मग आता मैलोन् मैल फटच नसते, तर रूळ वाकत कसे नाहीत? गोची आहे ना!

एक किलोमीटरचा रूळ मोकळा सोडला आणि ३० अंशांनी तापवला तर तो सुमारे ३५ सेंटिमीटर लांबेल. म्हणून त्याला मोकळं सोडतच नाहीत. क्लिपा, स्लीपर आणि खडी मिळून त्याला असं जखडतात की लांबायची सोयच राहत नाही. मग तो सगळा रुसवा रुळाच्या पोटात दाब होऊन बसतो. ६० किलोच्या रुळात दर अंशाला सुमारे १.९ टन. ३० अंशांना एकेका रुळात ५७ टन! फक्त टोकाकडचे शंभरेक मीटर थोडे सरकतात. बाकी मधला रूळ जागचा हलत नाही. म्हणून तर उन्हाळ्यात भर दुपारी ट्रॅकवर गस्त असते. खडी कमी पडली आणि रुळाने डोकं फिरवलं तर तो सापासारखा वळवळतो.

ब्रिटनमध्ये रूळ २७ अंशांना ‘नॉर्मल’ राहील असे बसवतात. मुंबईकर ज्याला ‘आज छान हवा पडलीय’ म्हणतो, ते तापमान! त्यामुळे तिकडे जरा ऊन तापलं की मोक्याच्या जागी रुळांना पांढरा रंग फासतात. रूळ ५ ते १० अंशांनी थंड राहतो. शिकागोत उलटा मामला. कडाक्याच्या थंडीत गाडीचा मार्ग बदलणारे सरकते रूळ गोठू नयेत म्हणून बाजूला चक्क गॅसचे बर्नर पेटवतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ट्रॅकला आग लागली!

फट गायब झाली ती वेल्डिंगमुळे. जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिट यांनी ॲल्युमिनियमची पूड आणि लोहाचा ऑक्साइड यांची अशी जोडी जमवली की एकदा पेटली की वितळलेलं पोलादच बाहेर. १८९९ मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ असे जोडले गेले. आज आपल्या ट्रॅकवरही हेच थर्मिट वेल्डिंग होतं. आणि जोडच कमी हवेत, म्हणून रूळच लांब करा! पूर्वी आपला ब्रॉडगेजचा रूळ १३ मीटरचा. आता भिलाईत १३० मीटरचा अखंड रूळ निघतो, आणि असे दोन जोडून २६० मीटरचं पॅनेल मालगाडीवर चढतं. वळण आलं की एवढं पोलाद गाडीबरोबर निमूट वाकतं.

सीएसटी, पण स्टेशन नव्हे!

जुन्या मुंबईकरांनो, सीएसटी म्हणजे? चूक! ट्रॅकवाल्यांसाठी सीएसटी-नाइन म्हणजे बिडाचा स्लीपर. दोन रुळांखाली दोन बिडाच्या थाळ्या आणि त्यांना जोडणारी एक पट्टी. लाकूड वाळवी खाते आणि चांगलं लाकूड महाग, म्हणून भारतात हे बिडाचे स्लीपर अमाप चालले. त्यात रूळ घट्ट बसायचा तो पोलादी ‘की’ म्हणजे पाचर ठोकून. आणि ती सैल झाली की पुन्हा ठोकणारा तो कीमन!

हा कीमन रोज आपला साधारण ६ किलोमीटरचा बीट पायी तुडवतो. हातात हातोडा आणि पाना, खांद्याला झेंड्या, शिवाय डबीत फटाके. हो, फटाके! रूळ तुटलेला दिसला तर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके रुळाच्या डोक्यावर बांधायचे. इंजिनाचं चाक वर आलं की धडाम्, आणि ड्रायव्हरचा हात ब्रेकवर. ऊन, पाऊस, कोकणातली खारी हवा, काही असो, त्याची नजर खाली. कारण एक छोटा तुकडा काय करू शकतो, ते १२ जुलै २०१३ ला पॅरिसजवळच्या ब्रेतिनी स्टेशनात दिसलं. सांध्याची एक फिशप्लेट, म्हणजे जोडपट्टी, सुटली, डबे घसरले, सात जण गेले.

छोट्या तुकड्यांचा विषय निघालाच आहे, तर रुळाच्या खिळ्यांमध्ये सगळ्यात महागडा कोणता? १० मे १८६९ ला अमेरिकेच्या युटामध्ये पूर्व-पश्चिम रेल्वे जोडताना वापरलेला सोन्याचा! तो ठोकलाच नाही. आधीच पाडलेल्या भोकात अलगद ठेवला आणि लगेच काढूनही घेतला. मग खऱ्या लोखंडी खिळ्यावर घणाचा मान रेल्वेचे बडे साहेब लेलँड स्टॅनफर्ड यांना मिळाला. त्यांचा नेम चुकला म्हणतात! तार मात्र देशभर गेलीच: ‘झालं’. सोन्याचा खिळा आज स्टॅनफर्ड विद्यापीठात आरामात आहे.

सांध्यांच्या ट्रॅकवर रूळ चालतोसुद्धा, माहीत आहे का? गाड्यांच्या दिशेने तो हळूहळू पुढे सरकत जातो. आपल्याकडे १५० मिलिमीटरच्या पुढे गेला की त्याला ओढून जागेवर आणतात. शिस्त म्हणजे शिस्त!

आणि आता फुकटचं स्पीडोमीटर घ्या. सांध्यांचा ट्रॅक असेल आणि रूळ १३ मीटरचे, तर आपल्या सीटखालच्या चाकांचा ‘धडक-धडक’ एक धरून ४७ सेकंद मोजा. जो आकडा येईल तो तुमचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये. कॅल्क्युलेटर नको! तीन रूळ एकत्र जोडलेले ३९ मीटरचे पॅनेल असेल तर आलेल्या आकड्याला तिनाने गुणा. आणि ४७ सेकंदांत एकही ठोका आला नाही तर दोनच शक्यता: रूळ वेल्डिंगचा आहे, किंवा गाडी अजून कसाऱ्यालाच उभी आहे.